जे.पी. कोर्टाचं दप्तर

पश्चिम टेक्सासमधली ब्रूस्टर काउंटी सुमारे 16 हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचित मोठी. 2020च्या जनगणनेत तिथं माणसं भरली साडेनऊ हजार. बिग बेंड राष्ट्रीय उद्यान याच काउंटीत असल्यानं ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसची मराठी मंडळी लाँग वीकेंडला तिकडे निघतात. आय-10 महामार्गावर त्या भागात ताशी 80 मैलांची मर्यादा आहे. फोर्ट स्टॉकटनला महामार्ग सोडून दक्षिणेला वळलं की दोनपदरी रस्ता लागतो. वाटेत पेकोस काउंटी संपून ब्रूस्टर सुरू होते आणि पुढे मॅरॅथॉन नावाचं छोटं गाव येतं. रस्ता मोकळा असतो आणि गावाजवळ मर्यादा खाली आल्याची पाटी नजरेतून सुटते. मागे लाल-निळे दिवे दिसतात आणि हातात तिकीट पडतं.

ते तिकीट ज्या कचेरीत जाऊन पडतं, ती कचेरी समजून घ्यावी अशी आहे. राज्य पोलीस किंवा काउंटीच्या शेरीफचे शिपाई यांनी दिलेलं तिकीट साधारणपणे 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे जे.पी. कोर्टात जातं, आणि शहर पोलिसांनी दिलेलं नगर न्यायालयात. टेक्सासच्या 254 काउंट्यांमध्ये मिळून अशी सुमारे 800 जे.पी. कोर्टं आहेत. न्यायाधीश लोकांमधून चार वर्षांसाठी निवडून येतो. त्याच्याकडे कायद्याची पदवी असण्याची अट नाही. मात्र पहिल्या वर्षी 80 तासांचं आणि पुढे दरवर्षी 20 तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. ज्या गुन्ह्यांना फक्त दंडाची शिक्षा आहे ते खटले, 20 हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे आणि भाडेकरूला घर सोडायला लावण्याचे अर्ज त्याच्यापुढे येतात. तो लग्नंही लावतो. वैद्यकीय परीक्षक नसलेल्या काउंट्यांमध्ये, म्हणजे बहुतेक ग्रामीण काउंट्यांमध्ये, अपघाती वा संशयास्पद मृत्यूची चौकशीही याच माणसाकडे असते. रात्री रस्त्यावरच्या अपघातात मृत्यूची नोंद करायला गेलेला न्यायाधीश सकाळी वेगमर्यादेचे खटले ऐकायला बसलेला असतो.

या पदावरचा सर्वांत गाजलेला माणूस रॉय बीन. 1882 साली त्याची नेमणूक झाली आणि लँगट्री गावातल्या आपल्या दारूच्या गुत्त्यातच त्यानं कोर्ट भरवलं. त्याच्या लहरी न्यायाच्या कथा अजून सांगितल्या जातात. तो गुत्ता आजही जपून ठेवलेला आहे आणि प्रवासी तिथं फोटो काढतात. पण त्या कथांवरून आजच्या कोर्टाची कल्पना करणं अन्यायाचं होईल. साध्या वेगाच्या तिकिटावरही इथं सहा जणांची ज्युरी मागता येते. निकाल पटला नाही तर 10 दिवसांत अपिलाचा जामीन भरून काउंटी कोर्टात जाता येतं आणि तिथं खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो, कारण जे.पी. कोर्टात साक्षीचं शब्दशः टिपण ठेवत नाहीत.

टिपण नसलं तरी दप्तर असतं, आणि या कोर्टाचा खरा कणा तेच आहे. प्रत्येक खटल्याची डॉकेटमध्ये नोंद होते: खटल्याचा क्रमांक, आरोप काय, आरोपीनं काय म्हटलं, वॉरंट निघालं का, निकाल आणि शिक्षा काय, कोणत्या तारखेला. पूर्वी हे जाड वह्यांत चालायचं, आता संगणकावर ठेवलं तरी चालतं. दोष सिद्ध झाला की सात दिवसांत तो राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाला कळवावा लागतो आणि तिथून तो चालकाच्या नोंदीवर चढतो. लहान काउंटीत हे सगळं सांभाळतो तो क्लार्क. टपाल फोडणं, पैसे घेणं, तारखा देणं, प्रमाणित प्रतींवर शिक्का मारणं आणि फोनवर घाबरलेल्या माणसाला धीर देणं, सगळं एक-दोन माणसांच्या अंगावर. माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा माणूस हाच आहे. तो कार्यपद्धती सांगेल, अर्ज देईल, मुदत सांगेल. पण गुन्हा कबूल करू की नको, हे सांगणार नाही. तो कायद्याचा सल्ला ठरतो आणि तशी त्याला मुभा नाही.

तिकीट हरवलं की खरी शोधाशोध सुरू होते. महाराष्ट्रात ई-चलानाची व्यवस्था राज्यभर एकच आहे. गाडीचा नंबर टाकला की थकलेला दंड दिसतो. टेक्सासमध्ये तिकीट गाडीवर नसून चालवणाऱ्यावर असतं आणि सगळी तिकिटं एका जागी दाखवणारी खिडकी नाही. म्हणून आधी आठवायचं की थांबवलं कोणी: राज्य पोलीस, शेरीफ की शहर पोलीस? मग गाडी कुठं थांबवली त्यावरून काउंटी ठरवायची. मॅरॅथॉनच्या अलीकडे, काउंटीची हद्द ओलांडण्याआधी थांबवलं असेल तर ब्रूस्टरच्या मुख्यालयी, अल्पाइनला, फोन करून उपयोग नाही, कारण ते प्रकरण पेकोस काउंटीचं. त्यानंतर काउंटीतला नेमका प्रीसिंक्ट, म्हणजे जे.पी. कोर्टाचा विभाग, शोधायचा. तिकीट कोर्टात पोचून नोंदलं जायला काही दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या फोनला "सापडत नाही" असं उत्तर आलं तर प्रकरण मिटलं असं समजू नये.

आपल्या नावांचाही घोळ होतो. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडलेलं असतं, तर परवान्यावर कधी गळलेलं. क्लार्कला नाव अक्षर अक्षर सांगावं, आडनाव आणि पहिलं नाव दोन्हींवर शोधायला सांगावं. जन्मतारीख सांगताना महिना आधी. 5 नोव्हेंबर आपण 5/11 लिहितो. तिथं ते 11 मे ठरतं.

सापडलं की बहुतेकजण लगेच दंड भरून मोकळे होतात. इथं थांबून विचार करावा. दंड भरणं म्हणजे आरोपाला आव्हान न देता दोष स्वीकारणं, आणि तो चालकाच्या नोंदीवर लागतो. पोलिसासमोर केलेली सही फक्त हजर राहण्याचं वचन असते, कबुली नसते. पैसे भरण्याचं तसं नाही. वेग मर्यादेपेक्षा 25 मैलांहून कमी जास्त असेल आणि गेल्या 12 महिन्यांत ही सवलत घेतली नसेल, तर सुरक्षित वाहनचालनाचा कोर्स करून आरोप रद्द करून घेता येतो. पण तिकिटावरच्या तारखेच्या आत तशी मागणी करावी लागते आणि टेक्सासचा परवाना हवा. भारतातल्या परवान्यावर गाडी चालवणाऱ्याला हा रस्ता बंद. त्याला न्यायाधीशाकडे निकाल लांबणीवर टाकण्याची विनंती करता येते. 180 दिवसांपर्यंतच्या त्या मुदतीत अटी पाळल्या तर आरोप रद्द होतो. व्यावसायिक परवाना असणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही. पैसे नसतील तर हप्ते किंवा समाजसेवा मागता येते. ज्यानं मागितलं नाही त्याला हे सहसा कळतही नाही, याचं वाईट वाटतं.

छोट्या काउंट्या तिकिटांवर गबर होतात, असा समज आहे. हिशेब बघावा. वेगाच्या गुन्ह्यात दंडाखेरीज जो कोर्टखर्च लागतो त्यात राज्याचे 62 डॉलर, राज्याचाच वाहतूक दंड 50 डॉलर आणि स्थानिक वाटा 14 व 3 डॉलर. मूळ दंड काउंटीला मिळतो, पण तो रस्ते आणि रस्त्यावरच्या कायद्याची अंमलबजावणी यांवरच खर्च करायचा असतो.

तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं आणि परवान्याचं नूतनीकरण अडू शकतं. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरताना, पोलिसांनी कधी अटक केली होती का, कधी तिकीट दिलं होतं का, असं विचारलं जातं. अटक न होता 500 डॉलरच्या आत दंड झाला असेल आणि दारू वा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर सहसा कागद जोडावे लागत नाहीत. अटक झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत लागते. दप्तर किती वर्षं ठेवायचं याचं वेळापत्रक राज्याच्या ग्रंथालय व अभिलेखागार आयोगानं घालून दिलेलं आहे, आणि मुदत संपली की कागद नष्ट करता येतात. मग नोंद उपलब्ध नसल्याचं पत्र तरी कोर्टाकडून मागून घ्यावं लागतं.

म्हणून तिकडे राहणाऱ्या वाचकांना कळकळीची विनंती: तिकीट मिळालं त्याच दिवशी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तारखेच्या आधी क्लार्कला फोन करा, आणि प्रकरण मिटलं की निकालाची प्रमाणित प्रत मागून पासपोर्टच्या फायलीत लावा.