एमएच पासिंग, केए पासिंग आणि जर्मन गाडी

पुणे-बंगळूर महामार्गावर कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा नाका येतो. इथे महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतं. हिवाळ्यात या रस्त्यावर गोव्याकडे निघालेली एखादी परदेशी कॅम्पर व्हॅन नजरेला पडते. उंच टप, मागे शिडी, डावीकडे स्टिअरिंग, आत पलंग आणि शेगडी. ती निपाणी ओलांडते आणि पुढे संकेश्वरहून आजरा-आंबोलीला वळते किंवा बेळगाव गाठून चोर्ल्याचा घाट धरते. तिचा पाहुणा चेहरा बघून आपण थबकतो. पण ती जुनी मर्सिडीज असेल, तर निपाणीच्या स्टँडबाहेर तिची सख्खी बहीण उभी असण्याची दाट शक्यता असते.

ही बहीण म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. मर्सिडीजने १९७७ साली युरोपात टी-१ नावाची व्हॅन आणली. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, तिचाच परवाना घेऊन ट्रॅव्हलर काढली. या कंपनीचं जर्मनीशी नातं त्याआधीचं. ती उभी करणाऱ्या फिरोदियांनी टेम्पो हे नाव आणि तीनचाकीचं तंत्र हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याकडून आणलं होतं. ट्रॅव्हलरला आणि याच कंपनीच्या ट्रॅक्स जीपला जे २.४ लिटरचं डिझेल इंजिन बसलं, ते मर्सिडीजचं ओएम-६१६. तेच इंजिन जर्मनीतल्या २०७-डी व्हॅनमध्ये होतं आणि २४०-जीडी या फोर व्हील ड्राइव्ह गाडीतही होतं. वऱ्हाड लग्नाला नेणारी गाडी आणि सहारा ओलांडणारी गाडी एकाच इंजिनावर चालत होत्या, हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं.

जग फिरणारी माणसं असलीच जुनी डिझेल गाडी शोधतात, त्याला कारण आहे. या इंजिनाला कॉम्प्युटर नाही. हीटर प्लग तापवून एकदा सुरू झालं की पुढे बॅटरी काढली तरी ते चालत राहतं, कारण डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे पंपातली लोखंडी यंत्रणाच ठरवते. नव्या व्हॅनला कमी गंधकाचं डिझेल लागतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून ते सगळीकडे मिळतं, पण युरोपातून इथवर येणाऱ्या वाटेवरच्या सगळ्याच देशांत मिळेल याची खात्री नसते आणि मग धूर गाळणारी जाळी तुंबते. जुन्या इंजिनाला हा जाच नाही. शिवाय झिजलेली बुश, तुटलेला बोल्ट, गळका सील यांवर बेळगावच्या उद्यमबागेत इलाज होऊ शकतो. लेथ, फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या कामात मुरलेलं हे गाव आहे. नमुना हातात दिला की इथला टर्नर तो मापात उतरवून देतो.

फोर व्हील ड्राइव्हची गंमत याहून सुंदर आहे. गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची चाकं मोठ्या गोलाईने जातात, मागची आतून. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते, बाकीची दोन आपापल्या गतीने फिरतात, त्यामुळे कुणाचं अडत नाही. जुन्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये मात्र लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. मग अंतरातला फरक जाणार कुठे? कोरड्या डांबरावर तो शाफ्टमध्ये साठत जातो, ओलं धोतर पिळावं तसा पीळ चढतो, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी गिअर खडखडतात. आंबोलीच्या पावसात, तांबड्या चिखलात तीच गाडी लोण्यासारखी चालते, कारण प्रत्येक चाक जरा जरा घसरून तो पीळ सोडून देतं. जे घसरणं दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला रुतवतं, त्याच्याच जोरावर ही बाहेर निघते. म्हणून अशी सेकंड हँड गाडी घेताना जाणता माणूस ती मऊ मातीच्या रानात नेऊन चार चाकांवर वळवून बघतो. नंतर डांबरावर आणून लिव्हर सुटतो का ते पाहतो. न सुटणारा लिव्हर हा मोठ्या खर्चाचा निरोप असतो.

आता समजा गोव्यात त्या परदेशी पाहुण्याचे पैसे संपले, किंवा पुढे जायचं मन उरलं नाही, आणि त्याने गाडी विकायला काढली. बेळगावचा एखादा हौशी माणूस रोख पैसे घेऊन तयार आहे. इंजिन ओळखीचं, पार्ट मिळणारे, मिस्त्री जवळचा. तरी हा सौदा होत नाही. जी गाडी दहा देश ओलांडून आली, तिला मालक बदलता येत नाही.

अडथळा एका वहीचा असतो. तिला कार्ने म्हणतात. परदेशी गाडी तात्पुरती आणण्यासाठी १९५४ साली न्यूयॉर्कला जो करार झाला, त्यातून ही पद्धत उभी राहिली. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना कस्टमवाले एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के असलेला तिसरा तुकडा वहीत राहतो. ही वही मालकाच्या देशातला मोटार क्लब देतो, आणि त्याआधी त्याच्याकडून भरभक्कम अनामत किंवा बँकेची हमी घेतो. भारतात अशा गाडीला सहा महिने मिळतात. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल, तर कस्टम खातं जकातीचा दावा लावतं आणि तो त्या क्लबमार्फत मालकाच्या अनामतीवर येतो. इतक्या देशांच्या सीमा एका वहीच्या भरवशावर उघडतात, ही माणसाने केलेली मोठी सोय आहे असं मला मनापासून वाटतं. पण ती सोय गाडी परत जाण्याच्या वचनावर उभी आहे.

जकात भरून गाडी इथलीच करून घेऊ म्हटलं तर? वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा, आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. यातली हेडलाइटची अट नीट पाहण्यासारखी आहे. खाली केलेला झोत दोन्ही बाजूंना सारखा नसतो. रस्त्याची कड दिसावी म्हणून तो एका बाजूला वर उचललेला असतो. जर्मनीत ती बाजू उजवी. तीच गाडी आपल्याकडे आली की उचललेला झोत थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. म्हणून जाणते प्रवासी काचेवर चिकटपट्टीचा तिरका तुकडा लावून तो भाग झाकतात. आणखी एक मौज म्हणजे, जर्मन गाडी किलोमीटरला पास होते आणि स्टिअरिंगला नापास. इंग्लंडच्या गाडीचं स्टिअरिंग बरोबर, पण काटा मैलांचा. वयाच्या अटीत तर दोघीही बसत नाहीत. डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला मात्र बंदी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे तिला चालू स्थितीतलं सिग्नल यंत्र असलं की झालं. म्हणजे पाहुणी म्हणून चालेल, घरात नांदायला नको.

त्यामुळेच 'इम्पोर्टेड आहे, पेपर क्लिअर आहेत' हे वाक्य स्वस्तात ऐकू आलं की सावध व्हावं. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने भूतानमार्गे आलेल्या जुन्या महागड्या गाड्यांवर छापे घातले. त्या कारवाईचं नाव होतं ऑपरेशन नुमखोर. खोटी कागदपत्रं करून या गाड्यांना भारतातल्या दूरच्या राज्यांचे नंबर मिळवले होते, असा आरोप होता. अशी गाडी जप्त होते ती शेवटच्या मालकाच्या दारातून.

खरी ओळख चासीवर असते. बॉनेट उघडून, चिखल पुसून, तो ठोकलेला नंबर शोधायचा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की सतरा अक्षरं-अंक पांढरे उमटत जातात. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. पहिलं अक्षर जन्माचा प्रदेश सांगतं. जर्मनीचं डब्ल्यू, जपानचं जे, भारताचं एम. आरटीओ आजही हा पेन्सिलचा ठसा मागतं, कारण कुणी अंक खरवडून पुन्हा ठोकले असतील तर रेघांचा खडबडीतपणा कागदावर उतरतो. एवढ्या यंत्रयुगात पेन्सिलीने चोरी पकडली जाते!

म्हणून ज्याला कॅम्पर हवी, त्याने इथलीच ट्रॅव्हलर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथेही एक गोष्ट बघायची. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली की गाडीचा प्रकार बदलतो आणि तो बदल आरसी बुकात चढलेला लागतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडी बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. कॅम्पर व्हॅन खासगी वापराची असेल तर एका यादीत येते, भाड्याची असेल तर दुसऱ्या. कर, फिटनेस, विमा सगळं त्यावरून ठरतं.

आणि मग कोगनोळीचा नाका पुन्हा आडवा येतो. निपाणीची गाडी केए-२३, चिकोडी पासिंगची. बेळगावची केए-२२. पलीकडे कागल-कोल्हापूरला एमएच-०९. निपाणीपासून कागल वीसेक किलोमीटर, दोन्हीकडे मराठी, सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. तरी १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून गाडीच्या पाटीवर दोन राज्यं आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हा बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगड पडले. त्यात ड्रायव्हर कुठला, माल कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं.

निपाणीची ट्रॅव्हलर कागलच्या माणसाला विकायची तर आधी बँकेचा बोजा उतरवायचा, मग चिकोडीहून फॉर्म २८ वर एनओसी काढायची. गाडी चोरीची नाही हा पोलिसांचा अहवाल त्यासाठी लागतो. कायदा असा की तीस दिवसांत अधिकाऱ्याने हो किंवा नाही कळवलं नाही, तर एनओसी मिळाली असं धरलं जातं. मग कोल्हापुरात नवा कर, नवा नंबर. इकडे आयुष्यभराचा भरलेला कर उरलेल्या वर्षांच्या हिशोबाने परत मागता येतो. आळसाने तो मागायचा राहू नये. परराज्यात एक वर्षापेक्षा जास्त गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, म्हणून 'जुन्याच पाटीवर चालवू' हा विचार फार दिवस टिकत नाही.

विकणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची सूचना. पैसे मिळाले, चावी दिली, चहा झाला, म्हणजे गाडी गेली असं आपण समजतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, मग आणखी पुढे गेली होती, पण आरसी पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंद असलेल्या मालकावर आली. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, परराज्यात पंचेचाळीस दिवसांत, एनओसीसह. घेणाऱ्याला तीस दिवस. पोच घ्यायची, तिची झेरॉक्स काढायची, आणि नव्या आरसीवर नाव चढल्याचं मोबाइलवर दिसेपर्यंत ती जपून ठेवायची.