सागरतीरी जाताना तिथी पाहावी

कोकणचा किनारा सायकलवरून व जेथे रस्ता नाही तेथे पायी पाहावा, अशी आम्हा चार मित्रांची फार दिवसांची इच्छा होती. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला सकाळी आठ वाजता रायगड जिल्ह्यातील दिवेआगरहून आम्ही निघालो. एका हातास डोंगर, दुसऱ्या हातास समुद्र, असा तो चढउतारांचा मार्ग आहे. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या श्रीवर्धन गावी थोडी विश्रांती घेऊन साडेबाराच्या सुमारास आम्ही हरिहरेश्वरी पोहोचलो.

येथील प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या खिंडीतून पायऱ्यांनी समुद्रालगतच्या खडकांवर उतरते. वारा, लाटा आणि खारे पाणी यांनी त्या खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. समोर खडक बराचसा उघडा दिसत होता. आम्ही निघणार, तोच एका वृद्ध कोळीबांधवाने अडवले. ‘‘आज पंचमी. पावणेचारला पाणी भरेल. आता उतरू नका, उद्या दहाला या.’’ मित्रांना हा सल्ला फारसा रुचला नाही. परंतु आम्ही थांबलो. तीन वाजता त्याच खडकांवर लाटा फुटत होत्या आणि वाट दिसेनाशी झाली होती. या ठिकाणी पर्यटक लाटेबरोबर ओढले गेल्याच्या दुर्घटना पूर्वी घडल्या आहेत, हे ध्यानात घेता त्या सल्ल्याचे मोल कळते.

त्यांनी वेळ सांगितली ती कशी? आपल्या किनाऱ्यावरील हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीचे पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी व नंतर ओहोटी असते. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो.

आणखी एक गोष्ट फसवी आहे. पाणी सर्व वेळ सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या सहा तासांतील मधल्या दोन तासांत जवळपास निम्मी भरती येते. आम्ही पोहोचलो ती नेमकी हीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी, षष्ठीला, दहा वाजता आम्ही निर्धास्तपणे प्रदक्षिणा केली. नंतर बागमांडल्याहून फेरीबोटीने सायकलींसह सावित्रीची खाडी ओलांडली आणि नाना फडणवीसांच्या वेळास गावी मुक्काम केला.

अशा सहलीस निघणाऱ्या वाचकांनी काही पथ्ये पाळावीत. पाऊणपटीचा हिशेब हा अंदाज आहे. त्या दिवसाचे छापील भरतीपत्रक जवळ असावे आणि स्थानिकांना विचारल्यावाचून खडकांवर उतरू नये. ओल्या, घट्ट वाळूत सायकल सुरेख चालते. पण मुक्कामी पोहोचताच ती गोड्या पाण्याने धुऊन साखळीस तेल द्यावे, अन्यथा ती लवकर गंजते.

बँकेत आमचा सारा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो. सागरतीरावर मात्र चंद्राचे वेळापत्रक चालते, आणि त्यात सवलतीचे दिवस नसतात, एवढे त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हास शिकविले.