प्रवाळबेटांवर लेकरांसह

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, पावसाळ्यात खवळलेला सागर निवळलेला असतो आणि नगरच्या व्यापारी कुटुंबांत लेकरांसह सहलीचे बेत सुरू होतात. मुंबई वा कोचीहून जहाजाने गाठता येणारे लक्षद्वीप हा 36 बेटांचा समूह. त्यांपैकी 10 बेटांवर वस्ती आहे. तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागतो. जहाजावर जैन भोजन मिळेल का, हे आपण आवर्जून विचारतो. ते सूर्यास्तापूर्वी वाढले जाईल का, हेही तिकीट काढण्याआधीच विचारावे. अन्यथा चौविहार पाळणारे मूल उपाशी निजते.

भोजनाइतकाच विवेक पाण्यात उतरतानाही हवा. ही बेटे प्रवाळांनी घडविली आहेत. शांतिसूरिरचित ‘जीवविचार’ प्रकरणात विद्रुमाची, म्हणजेच प्रवाळाची, गणना पृथ्वीकाय जीवांत केली आहे. विज्ञान त्यास सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही प्रवाळांना संरक्षण दिले आहे. म्हणून उथळ पाण्यात खेळणाऱ्या बालकाचे पाऊल प्रवाळावर पडू नये आणि आठवण म्हणून त्याचा एकही तुकडा घरी येऊ नये. पाठशाळेत शिकलेली जीवदया येथे प्रत्यक्ष आचरणात आणावयाची असते, हे आईवडिलांनी मुलांना जहाजावर चढण्यापूर्वीच समजावून सांगावे.