मस्टँगचं सगळ्यात लहान इंजिन

१७ एप्रिल १९६४ ला फोर्डने अमेरिकेत मस्टँग बाजारात आणली. किंमत २,३६८ डॉलर. एवढ्यात मिळायचं सहा सिलिंडरचं, १७० घनइंचाचं, १०१ हॉर्सपॉवरचं साधं इंजिन. तेही नवीन नाही, कंपनीच्याच फाल्कन गाडीतलं! पण बकेट सीट, कार्पेट, दोन सीटच्या मधला गिअर हे सगळं त्याच पैशात. म्हणजे कमी बजेटवालाही शोरूममधून रुबाबातच बाहेर पडायचा.

ज्याला जोर हवा त्याने वरचे पैसे मोजायचे. २६० घनइंचाचं व्ही-८, नाहीतर २८९ चं २१० हॉर्सपॉवरवालं. पुढे २७१ हॉर्सपॉवरचंही आलं. बॉडी मात्र तीच.

पहिल्या वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. मला यातलं सगळ्यात हुशार इंजिन वाटतं ते सगळ्यात लहान. काही महिन्यांतच कंपनीने तेसुद्धा बदलून १२० हॉर्सपॉवरचं दिलं. आपल्याकडे उलटं चालतं बघा! गिऱ्हाईकाने महागाचं घ्यावं म्हणून स्वस्त पॅक मुद्दाम फालतू ठेवतात.

तुमच्या रेटकार्डावरची सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती? त्या पैशात गिऱ्हाईकाला नक्की काय काय मिळतं, कमेंटमध्ये लिहा.