ताईच्या ताटाकडे धाकट्याचे डोळे

मोठ्या मुलीने कारल्याच्या काचऱ्या ताटाच्या कडेला सारल्या, की शेजारी बसलेला अडीच वर्षांचा धाकटाही आपल्या ताटलीतील काचरी बोटाने दूर ढकलतो. त्याने ती चाखलेलीसुद्धा नसते. ‘हा हिचेच सगळे उचलतो’, ही तक्रार दोन मुलांच्या घरांत नवी नाही. मात्र तिच्यामागचे कारण निव्वळ हट्ट नव्हे.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात मुले अनोळखी पदार्थांकडे संशयाने पाहतात. हा पदार्थ खाण्याजोगा आहे का, याचा कौल ती दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून घेतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोठ्या मुलाची निवड पाहून लहान मूल आपली निवड बदलते, असे आढळले होते. अमेरिकेत लिआन बर्च यांनी १९८० मध्ये याची अधिक नेमकी तपासणी केली. एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या सोबत्यांच्या पंगतीत बसवले असता, चार दिवसांत ते मूल नावडती भाजी निवडू लागले. वयाने लहान मुलांवर हा परिणाम अधिक होता. हे प्रयोग भावंडांवर नव्हे, तर बालवाडीतील सोबत्यांवर झाले होते. परंतु सोबती चार दिवसांचे, ताई मात्र रोजची!

नकाराचा संसर्ग तर अधिक चिवट. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना निळ्या रंगाचे अपरिचित पदार्थ देण्यात आले. सोबत्यांनी नाके मुरडताच मुलांचे खाणे घटले आणि नंतर कौतुक करूनही ते पूर्णपणे सावरले नाही.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. थोरलीचे पहिले वर्ष नाचणीचे सत्त्व, वरणभात असे मोजूनमापून गेलेले असते. धाकट्याच्या वेळी वेफर्स, क्रीमची बिस्किटे आणि गोड पेये घरात आधीच पोहोचलेली असतात. ‘तिला दिले, मग याला का नाही’, या न्यायाने ती लवकर तोंडी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना साखरयुक्त पेये देऊ नयेत. ताईच्या हातचे अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे तर श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतू शकतात. ताईला तिच्या वयाचा खाऊ मिळायलाच हवा. पण तो शाळेतून आल्यावर, धाकटा झोपलेला असताना देता येतो.

‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदाही फारसा उपयोगी नाही. बक्षिसासाठी खाल्लेल्या पदार्थाची आवड उलट कमी होते, असे बर्च यांच्याच पुढील संशोधनातून दिसले. तोच पदार्थ चमचाभर, आग्रहाविना, आठ-दहा वेळा समोर येणे अधिक गुणकारी ठरते.

यात थोरल्या मुलीवर आदर्श होण्याचे ओझे टाकणे अन्यायाचे होईल. ‘तू खाल्लेस तरच तो खाईल’, हे रोज ऐकणारी आठ वर्षांची मुलगी जेवणावरच चिडते. नावडते नाकारण्याची तिला मुभा असावी, फक्त ‘शी!’ म्हणण्याची नसावी. त्यापेक्षा कारल्याचे भांडे पानांच्या मध्ये ठेवून ज्याने त्याने वाढून घ्यावे. तिने घेतले नाही, तरी ताटाच्या कडेला सारलेली काचरी धाकट्याच्या दृष्टीस पडत नाही.