मोटारसायकल आणि हवेचा हव्यास

इंदूरच्या लालबाग भागात सायंकाळी मोटारसायकली उभ्या करून तरुण मंडळी गप्पा मारीत असतात. त्या गप्पांत एक प्रश्न वरचेवर आमच्या कानी पडतो. "मोटारींना टर्बो असतो, मग आपल्या शंभर सी.सी.च्या गाडीला का नसावा? एखाद्या मिस्त्रीकडून बसवून घेतला तर?" प्रश्न पोरकट नाही. त्यात पदार्थविज्ञान आहे, तसाच घरच्या पैशांचा आणि जिवाचा हिशेबही आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम तत्त्व पाहू. इंजिनाची शक्ती पेट्रोलात असते, अशी आपली समजूत असते. परंतु एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तितके देता येते. अडते ते हवेपाशी. दट्ट्या खाली सरकला की बाहेरची हवा आपल्याच दाबाने सिलिंडरमध्ये शिरते, आणि सिलिंडर जेवढा, तेवढीच ती मावते. हीच हवा पंपाने दाबून आत कोंबली, तर जास्त पेट्रोल जळेल व जास्त शक्ती मिळेल. असा पंप इंजिनाच्याच दांड्यावरून फिरविला तर त्यास सुपरचार्जर म्हणतात; बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरविला तर टर्बोचार्जर. टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले.

आमच्या इंदूरला ही युक्ती नवी नाही. १९३० नंतरच्या दशकात महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकरिता ड्यूझेनबर्ग या अमेरिकन कारखान्याची 'एस्‌जे' मोटार बांधण्यात आली होती. तिच्या आठ सिलिंडरांच्या, सुमारे ६,९०० घन सेंटिमीटरच्या इंजिनास सुपरचार्जर होता. कारखाना साध्या इंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगे, तर सुपरचार्जर असलेल्याची ३२०. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर वाढ झाली ती सुमारे पाचव्या हिश्शाची. हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपल्या छोट्या गाडीकडे वळू. हिरो स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ घन सेंटिमीटरचे असून ते मिनिटास ८,००० फेऱ्यांवर सुमारे ८ अश्वशक्ती देते. पंपाने हवेचा दाब दीडपट केला असे धरू. मग शक्तीही दीडपट होईल काय? नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. मे महिन्यातील ४० अंशांची हवा साधारण प्रतीच्या पंपाने दीडपट दाबली, तर ती जवळजवळ १०० अंशांपर्यंत तापते. परिणामी सिलिंडरमध्ये जाणारी हवा दीडपट न होता केवळ सव्वापट होते. शिवाय पंप फिरविण्यास लागणारी शक्ती इंजिनाकडूनच जाते.

दुसरी अडचण एकट्या सिलिंडरची. चार फेऱ्यांच्या पद्धतीच्या इंजिनात हवा दोन फेऱ्यांतून एकदाच आत घेतली जाते. मधल्या काळात वाट बंद असते. टर्बोचार्जरला मात्र संथ, अखंड प्रवाह मानवतो. झटक्यांचा हा श्वास त्यास सोसत नाही. म्हणून मध्ये हवेची एक टाकी ठेवावी लागते. त्यातून आपले इंजिन पूर्ण वेगातही मिनिटास सुमारे ३९० लिटरच हवा घेते. एवढ्याशा हवेस साजेसा टर्बोचार्जर मिळणेच दुरापास्त.

तिसरी अडचण उष्णतेची. या इंजिनात मिश्रण मुळातच सुमारे दहापट दाबले जाते. त्यात तापलेली जादा हवा आली की पेट्रोल अवेळी पेटू लागते. यासच नॉकिंग म्हणतात. त्याने दट्ट्यास भोक पडू शकते. ते टाळण्यासाठी मूळ दाब कमी करावा, तर रोजच्या संथ प्रवासात पेट्रोल जास्त लागते. ज्या गाडीचे भूषणच काटकसर, तिचे ते भूषणच जाते.

तरीही हे अशक्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९३९ साली 'आइल ऑफ मॅन'ची प्रसिद्ध शर्यत बीएमडब्ल्यूच्या सुपरचार्जर असलेल्या ५०० सी.सी. मोटारसायकलीने जिंकली. १९८२ साली होंडाने ४९७ सी.सी.च्या इंजिनातून टर्बोच्या साहाय्याने ८२ अश्वशक्ती मिळविली. फ्रान्सच्या प्यूजो कारखान्याने तर १२५ सी.सी.ची सुपरचार्जर असलेली स्कूटर विकली. पण या गाड्या मुळापासून तशाच आखलेल्या होत्या. प्यूजोच्या इंजिनास थंड ठेवण्यास पाणी होते. जपानी टर्बो मोटारसायकलीदेखील काही वर्षांतच बंद पडल्या, कारण तेवढीच शक्ती मोठ्या साध्या इंजिनातून स्वस्तात मिळू लागली.

आमच्या मते खरे उत्तर येथेच आहे. ९७ ऐवजी १२५ घन सेंटिमीटरचा सिलिंडर घेतला, की हवा आपोआप सव्वापटीहून किंचित जास्त मावते. पंप नाही, टाकी नाही, जादा उष्णता नाही. आणि दट्ट्या, गिअर, क्लच व ब्रेक त्या शक्तीस अनुरूप कारखान्यातूनच येतात. जे विकत घेण्यासाठी इतका खर्च व धोका पत्करावयाचा, ते शेजारच्या दुकानात तयार उभे आहे.

आणि मिळणार तरी काय? वाऱ्याचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून शक्ती सव्वापट झाली तरी कमाल वेग शेकडा आठच्या आसपासच वाढेल. जी गाडी ताशी ८५ किलोमीटर जाते, ती फार तर ९२ जाईल. लालबागेहून राजवाड्याकडे जाताना गर्दीत तो वेग कोठे उपयोगी पडणार? ब्रेक मात्र जुन्याच शक्तीच्या मापाचे राहतील. गाडीच्या नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही आडवे येते.

विद्यार्थिमित्रहो, यंत्राविषयीचे कुतूहल सोडू नका. एखादे मोडीत निघालेले इंजिन उघडून पाहा, त्याच्या हवेचा हिशेब कागदावर मांडा. त्यात आनंदही आहे आणि शिक्षणही. पण ज्या गाडीवर वडील रोज कामावर जातात, बहिणीला कॉलेजात सोडतात, ती प्रयोगाची वस्तू नव्हे. तिला स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर बदललेले ऑइल आणि टायरमध्ये योग्य हवा द्या. छोट्या गाडीस एवढीच जादा हवा पुरेशी आहे.