प्राध्यापकांचें शिक्षण

श्रोतेहो, आपल्या मुलाला शाळेंत घालतांना तेथील शिक्षक शिकविण्याचें शिक्षण घेतलेले आहेत कीं नाहींत, याची आपण चौकशी करतों. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना अध्यापनाची पदविका लागते. माध्यमिक शाळेंत बी. एड. वांचून चालत नाहीं. परंतु तोच मुलगा महाविद्यालयांत गेला म्हणजे त्याच्यापुढें उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाला शिकविण्याची कला कोणीं शिकविली, हा प्रश्न आपल्या मनांतहि येत नाहीं. प्राध्यापक होण्यासाठीं पदव्युत्तर पदवी लागते. नेट किंवा सेट परीक्षा, अथवा पीएच. डी. लागते. हें मुख्यतः विषयज्ञानाचें प्रमाण झालें. नेट-सेट परीक्षांत अध्यापनाविषयींहि कांहीं प्रश्न असतात हें खरें. पण पोहण्यावरील प्रश्नांचीं उत्तरें लिहून रंकाळ्यांत कोणाला पोहतां आलें आहे काय?

कोल्हापूरला उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. राजाराम कॉलेज १८८० सालीं सुरू झालें. गोपाळ कृष्ण गोखले तेथें विद्यार्थी होते, ना. सी. फडके व माधव जूलियन यांनीं तेथें अध्यापन केलें. त्या काळीं महाविद्यालयांत जाणारे थोडे, आणि तेहि बहुधा शिकलेल्या घरांतले. वर्गांत राहिलेली उणीव ते घरीं भरून काढीत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें आणि गांवोगांवचीं मुलेंमुली पदवीच्या वर्गांत येऊं लागलीं. आज एकाच वर्गांत शहरांतील वकिलाची मुलगी बसते, आणि ज्याच्या घरांत आजवर कोणी महाविद्यालय पाहिलें नाहीं असा चंदगडचा मुलगाहि बसतो. तासाला जें कळलें नाहीं तें त्या मुलाला घरीं सांगणारें कोणी नसतें.

ही गरज ज्यांनीं ओळखली त्यांत याच जिल्ह्यांतील एक थोर गृहस्थ होते. आजरा तालुक्यांतील बहिरेवाडीस १९०७ सालीं जन्मलेले जयंत पांडुरंग नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. नव्या अधिव्याख्यात्यांसाठीं सत्राच्या आरंभींच उद्बोधन वर्ग घ्यावे आणि मोठ्या विद्यापीठांत त्यांसाठीं कायमचीं स्टाफ कॉलेजें काढावीं, असें त्या आयोगानें १९६६ सालीं सुचविलें. तें प्रत्यक्षांत यावयास वीस वर्षें लागलीं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगानें अकॅडेमिक स्टाफ कॉलेजें उघडलीं. नवोदितांना चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि पुढें तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी ती योजना होती. २०१५ सालीं त्यांचें नांव मानव संसाधन विकास केंद्र झालें. २०२३ पासून तीं मालवीय मिशनचीं शिक्षक प्रशिक्षण केंद्रें झालीं आहेत.

तेथें शिकण्यासारखें काय असतें? सूक्ष्म अध्यापनाचेंच उदाहरण घेऊं. प्राध्यापकानें पांचदहा मिनिटें एकच मुद्दा शिकवावयाचा. सहकारी विद्यार्थी होऊन बसतात आणि काय कळलें, काय निसटलें, तें स्पष्ट सांगतात. मग तोच मुद्दा सुधारून पुन्हां शिकवावयाचा. अर्थशास्त्रांतील मागणीचा पाठ पाहा. व्याख्या फळ्यावर लिहून ‘समजलें ना?’ म्हणून विचारलें, कीं सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्याऐवजीं प्राध्यापकानें असें विचारावें : लक्ष्मीपुरींत गुळाचा भाव उतरला म्हणून आपण जास्त गूळ घेतला, आणि भाव तोच असतां संक्रांत आली म्हणून जास्त घेतला, या दोन गोष्टी एकच काय? दोन मिनिटें शेजाऱ्याशीं बोलून सांगा. उत्तरें ऐकतांच कळतें कीं पहिला मागणीचा विस्तार आणि दुसरी मागणींतील वृद्धि, हा भेद कोणाला उमगला आहे आणि कोणाला नाहीं. जी चूक एरव्हीं परीक्षेपर्यंत झांकून राहते, ती येथें पांच मिनिटांत उघडी पडते.

कित्येक विद्वान् म्हणतात कीं शिकविण्याची हातोटी उपजत असते. थोड्यांची असेलहि, पण सगळे विद्यार्थी त्या थोड्यांच्याच वांट्याला येत नाहींत. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. हे वर्ग पदोन्नतीशीं जोडले गेले, म्हणून उपस्थिति वाढली. पण त्याबरोबर केवळ प्रमाणपत्रासाठीं बसण्याची वृत्तीहि आली. यावर उपाय महाविद्यालयांतच आहे. सहकाऱ्यानें महिन्यांतून एकदां आपल्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसावें. तास संपतांना विद्यार्थ्यांनीं, नांव न घालतां, आज काय कळलें नाहीं तें चिठ्ठीवर लिहून द्यावें. याला पैसा लागत नाहीं. आपली उणीव ऐकून घेण्याचें धैर्य मात्र लागतें.

आणि श्रोतेहो, पालकांनींहि महाविद्यालय निवडतांना इमारत आणि निकाल यांपलीकडे एक प्रश्न विचारावा : येथील प्राध्यापक शिकविण्याविषयीं अजून शिकत आहेत काय? हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर चंदगडच्या त्या मुलाचा तास वायां जाणार नाहीं.